लेंडी खोटं बोलत न्हाई

तुमच्या आईचा निरोप आला, की तुम्हा दोघांना तिकडे गिनीपिग घ्यायचे आहेत आणि त्यांच्या आजारांची लक्षणं आजीने एका कागदावर लिहून पाठवावीत. मी लगेच कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि तीन रकाने केले : लक्षण, कारण, उपाय. पहिल्या रकान्यात चार ओळी लिहिल्या आणि थांबले. प्रत्येक ओळ लिहिताना कानात एका माणसाचा आवाज येत होता आणि तो आवाज काही रकान्यात बसेना. ह्या प्राण्याबद्दल मला जे कळतं ते त्या माणसाने मला शिकवलं, बहुतेक वेळा रागावून. म्हणून यादी बाजूला ठेवली आहे. माणूस सांगते, लक्षणं त्यातच येतील.

आणखी एक कारण आहे. बेदाणा कसा गेला हे मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. ते दुरुस्त करायचं आहे.

तुम्ही तुमचे दोन गिनीपिग, बेदाणा आणि फुटाणा, माझ्याकडे सोपवून विमानात बसलात, त्यानंतर दोनेक महिन्यांनी, ज्यांचा तो आवाज ते गृहस्थ आमच्या विश्रामबागच्या सोसायटीत, तळमजल्यावर, मुलाच्या घरी राहायला आले. गेल्या उन्हाळ्यात ते गावाकडे परत गेले, म्हणून तुमची त्यांची गाठ कधी पडली नाही. मूळचे आटपाडीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. सगळी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यांत झाली. माण, खटाव, जत, आणि मध्ये तीन वर्षं महाबळेश्वर. हुद्दा 'व्रणोपचारक'. म्हणजे जखम धुणारा, पट्टी बांधणारा आणि डॉक्टर सुई टोचत असताना बैलाच्या शिंगांकडे उभा राहणारा. खेड्यातली माणसं त्यांना डॉक्टरच म्हणत आणि ते प्रत्येकाला अडवून सांगत, "डॉक्टर न्हवं. व्रणोपचारक." एरवी 'हाय' आणि 'न्हाई' बोलणारा हा माणूस तो एक शब्द मात्र वेदपाठ करणाऱ्या भटजींसारखा स्वच्छ उच्चारत असे. आमच्या सोसायटीत तो कुणालाच धड म्हणता आला नाही. मग लोकांनी त्यांना 'लेंडीमामा' म्हणायला सुरुवात केली. का, ते कळेलच.

मी साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. मला ते पहिल्यापासून 'बाई' म्हणत.

आमची ओळख झाली ती मी सोसायटीच्या मागच्या बागेत खड्डा खणत असताना. दुपारची वेळ होती. शेजारी नॅपकिनमध्ये गुंडाळलेला बेदाणा होता.

"काय पुरताय, बाई?"

"गिनीपिग."

"त्ये काय असतंय?"

मी नॅपकिन उघडून दाखवला. ते उकिडवे बसले. दोन बोटांनी बेदाण्याच्या पोटावर टिचकी मारली आणि कलिंगड तपासावं तसा कान दिला.

"फुगलंय. कवापास्नं खाईना हुतं?"

"काल सकाळपासून."

"आन् लेंड्या?"

"म्हणजे?"

"लेंड्या, बाई, लेंड्या. पडत हुत्या का बंद झाल्या हुत्या?"

मी जरा ताठ होऊन म्हटलं, "ते मी बघत नाही. मावशी येतात, त्या झाडून टाकतात."

"मग तुमी बगता काय?"

मी खुरपं उचललं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "खायाला काय घातलं हुतं?"

"काही नाही. त्याचं पोट बिघडलं होतं ना. लंघन."

हे इथे समजावून सांगायला हवं, कारण हा शब्द तुमच्या कानांवरून गेला नसेल. माझं माहेर वाईचं. आमच्या घरात पोट बिघडलं की पहिलं औषध लंघन. पान मांडायचं नाही, सुंठेचं पाणी प्यायचं आणि पडून राहायचं. माझी आई ह्याच उपायावर शहाण्णव वर्षं जगली. आदल्या दिवशी सकाळी बेदाणा अंग फुगवून कोपऱ्यात बसला होता, केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले. कोथिंबिरीकडे त्याने बघितलंही नाही. मी शांतपणे त्याची ताटली उचलली, धुतली, पालथी घातली, फक्त पाणी ठेवलं, आणि गिनीपिगांसाठी ठेवलेल्या वहीत लिहिलं : "पोट बिघडले. लंघन, एक दिवस." योग्य ते केल्याचं समाधान वाटलं होतं मला.

त्यांनी नॅपकिन पुन्हा बेदाण्यावर ओढला.

"लंघन माणसाला, बाई. ह्ये जनावर दिवसभर तोंड हलवणारं. ह्येचं पोट म्हंजे बोअरची मोटार हाय. पाणी येतंय तवर चालती. पाणी तुटलं की हवा धरती. मग बटणं दाबत बसा. खाईना झालं तवा त्येला खायाला घालाय पायजे हुतं, आन् तुमी ताटली उचलली."

"तुम्ही डॉक्टर आहात का?" मी विचारलं. इतका रोखठोक दोष मला कुणी दिला नव्हता, आणि माझा आवाज वर्गातला झाला होता.

"न्हाई. व्रणोपचारक."

मग त्यांनी माझ्या हातातलं खुरपं घेतलं आणि खड्डा आणखी वीतभर खोल केला. उथळ खड्डा मांजरं उकरतात म्हणून.

त्या संध्याकाळी तुमचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "बाळांनो, त्याचं वय झालं होतं." वहीतही कारण म्हणून 'वय' असंच लिहिलं. तुम्ही दोघं रडलात आणि मग म्हणालात, म्हातारा होऊन गेला ना, मग ठीक आहे. तुम्हाला बरं वाटलं म्हणून मलाही बरं वाटलं. तेवढ्यावर मी तो विषय मिटवणार होते.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात तेच. "दुसरं कुठाय?" असं विचारत ते आत आले, आणि फुटाण्याच्या पिंजऱ्यापाशी न जाता टेबलावरची वही उचलली. चष्मा नाकावर आणून वाचलं.

"वय किती हुतं?"

"अडीच वर्षं."

"अडीच वर्साचं वय?" वही खाली ठेवून ते म्हणाले, "आमच्याकडं रजिस्टर असायचं. जनावर कशानं मेलं त्ये लिवायचं. कुनाला फासावर द्यायला न्हवं. न्हाई लिवलं तर फुडलं बी त्येनंच मरतंय."

मी अकरा दिवस ते तसंच ठेवलं. रोज ते येत, फुटाण्याकडे बघत, आणि जाताना वहीकडे बघत. बाराव्या दिवशी मी 'वय' खोडलं आणि वर लिहिलं, 'लंघन'. त्यांनी अक्षरावर बोट ठेवून वाचलं. "कुनी घातलं?" असं विचारलं. मी पुढे लिहिलं, 'मी'. तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

तर मुलांनो, बेदाणा म्हातारा होऊन गेला नाही. तो आजारी होता आणि त्याला मी उपाशी ठेवलं. वहीत हे लिहायला मला बारा दिवस लागले, तुम्हाला लिहायला त्याहून खूप जास्त.

त्यानंतर माझं शिक्षण सुरू झालं. एरवी अजागळ माणूस. सदऱ्याचं एक बटण कायम वरच्या काजात. पण जनावराच्या बाबतीत माझ्याहून टापटीप. ते आले की फुटाण्याकडे बघत नसत. पिंजऱ्याकडे पाठ करून खुर्चीवर बसत आणि पेपर उघडत. तासभर. मला आधी वाटलं, घरी सुनेला त्रास नको म्हणून पेपर वाचायला येतात. एकदा चहा ठेवताना पाहिलं तर पेपर पंधरा दिवसांपूर्वीचा होता. ते कडेने, मान न वळवता, कपाटाच्या काचेत फुटाण्याला बघत होते.

"तोंडावर बगितलं की त्ये बरं असल्याचं सोंग घेतंय," ते कुजबुजले. "रानात आजारी दिसलं की पैल्यांदा त्येच उचललं जातंय, लांडगं बगतच असत्यात. म्हनून त्ये शेवटपातूर दाखवत न्हाई. तुमाला दिसलं म्हंजे लय दिस झालेलं असत्यात."

हे मी यादीत पहिलं लिहिणार होते. गिनीपिग आजारी 'दिसत' नाही. तो दिसेपर्यंत थांबू नका.

मग बघायचं काय? त्यांचं उत्तर एकच : "तोंड खोटं बोलतंय, डोळं खोटं बोलत्यात. लेंडी खोटं बोलत न्हाई." रोज सकाळी ते एक लेंडी तळहातावर घेत, बोटाने फोडत, वास घेत. निरोगी असेल तर शेंगदाण्याएवढी, सगळ्या सारख्या, आत गवताचे तंतू. बारीक झाल्या, एकीला एक चिकटून माळ झाली, ओल्या झाल्या, किंवा कमी झाल्या, की त्या दिवशी सगळी कामं बंद. मला ह्याची सवय झाली, पण माझ्याकडे येणाऱ्यांना नव्हती. एका शनिवारी माझ्याकडे आमच्या मैत्रिणींची भिशी होती. सहा जणी, हातात पोह्यांच्या बशा. हे मागच्या खोलीतून थेट दिवाणखान्यात आले, तळहात पुढे करून म्हणाले, "बाई, आज झ्याक हाय. बगा."

एकीने बशी हळूच खाली ठेवली.

निघता निघता त्यांनी तिलाच विचारलं, "ताई, तुमी समदं उजव्या अंगानं चावताय. डाव्या दाढंला काय झालंय?" ती रागाने लाल झाली आणि पुढच्या आठवड्यात दंतवैद्याकडे गेली. दाढेला चीर निघाली. गिनीपिगाचंही तसंच असतं. त्याचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून झिजले नाहीत तर आतून जीभ कापतात. तो खायला धावत येतो, तोंडात घेतो आणि टाकतो. हनुवटी ओली राहते. भूक आहे पण खात नाही, हे दिसलं की डॉक्टर.

एक गोष्ट मला फार जड गेली. फुटाणा कधी कधी अंगाची घडी करून स्वतःचीच मऊ लेंडी खात असे. मी ते पाहिल्यावर त्याला ओल्या फडक्याने पुसायला निघाले. त्यांनी माझा हात धरला.

"अवो ऱ्हाऊ द्या! शेळी रवंथ करती त्ये बगवतंय ना तुमाला? ह्येचं रवंथ असं. एकदा खाऊन भागत न्हाई, म्हनून दुसऱ्यांदा."

"हे तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर गिनीपिग पाहिला नव्हता."

"ससं पाळायची सरकारी योजना आलती एकदा. आन् महाबळेश्वरला घोडी." महाबळेश्वरचा पाऊस आणि थंडी ह्यांबद्दल त्यांना कमालीचा राग होता. तिथे मेंढरं नाहीत, नुसती पाहुण्यांना फिरवणारी घोडी. पण त्या घोड्यांच्या पोटदुखीनेच त्यांना शिकवलं होतं. "घोडं, ससा आन् ह्यो, तिघांचं आतडं एका जातीचं. जनावर मला नवं हाय, बाई. पोट वळखीचं हाय."

रविवारी सकाळी आठ वाजता वजन. माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर दुरडी ठेवायची, तिचं वजन वजा करायचं, फुटाण्याला आत बसवायचं. हा आकडा मी लिहायचा आणि तो आधीच्या आठवड्याशी ताडून ते बघायचे. सहाव्या रविवारी आकडा थोडा घसरला आणि उचलताना फुटाणा किंचाळला. मागचा पाय तो जपून टाकत होता. मला वाटलं, मुरगळला असेल. त्यांनी गुडघ्यापाशी हात फिरवला आणि विचारलं, "हिरवं काय घालताय?"

"काकडी. आणि लाडाने एखादा बेदाणा."

"तासगावात बेदाना पिकतोय म्हनून ह्येच्या तोंडात घालायचा व्हय? साखर नुसती. पेरू, ढोबळी मिरची, कोथमीर घाला. ह्येच्या अंगात आंबटाचं सत्त्व तयार हुईत न्हाई, माणसागतच. त्ये नसलं की सांधं सुजत्यात." क जीवनसत्त्व हा शब्द त्यांना माहीत होता, पण 'आंबटाचं सत्त्व' त्यांना अधिक पटत असे. तरी त्याच दुपारी ते मला मिरज रस्त्यावरच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले, कारण "माझं म्हननं बरूबर हाय का त्ये शिकलेल्या माणसानं सांगाय पायजे." त्यांचं म्हणणं बरोबर निघालं. डॉक्टरांनी थेंब दिले, वर एक ताकीद दिली : घरात उरलेल्या गोळ्या ह्याला कधीही देऊ नका, कुत्र्यामांजरांना चालणारी काही अँटिबायोटिकं ह्यांच्या जिवावर उठतात. मामा हे ऐकताना दवाखान्यात पूर्ण वेळ उभे राहिले. खुर्ची रिकामी होती. "डॉक्टर म्होरं असताना व्रणोपचारक बसत न्हाई," असं बाहेर आल्यावर मला म्हणाले. ती मुलगी त्यांच्या नातीच्या वयाची होती.

कोरडं गवत मात्र सांगलीत त्यांच्या पसंतीचं मिळेना. मग महिन्यातून एकदा त्यांच्या भावाकडून आटपाडीहून एसटीच्या टपावरून भारा येऊ लागला. स्टँडवर तो उतरवून घ्यायला ते स्वतः जात.

आता ते तीन दिवस. तुम्हाला आठवत असेल, मी तेव्हा व्हिडिओ कॉल घेत नव्हते आणि नेटवर्क नाही असं सांगत होते. नेटवर्क उत्तम होतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. चार दिवस फटाके, एसट्या भरभरून जाणाऱ्या, त्यामुळे भारा आला नव्हता. मी कोरड्या गवताऐवजी दुकानातला गोळीखुराक वाढवून भागवत होते. पाडव्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी फ्रीजमधून कोथिंबिरीची पिशवी काढली. त्या पिशवीचा आवाज झाला की फुटाणा शिट्टी मारायचा, तुम्ही फोनवर ती ऐकली आहे. त्या दिवशी शिट्टी नाही. मी पिशवी पुन्हा चुरगळली. काही नाही.

मी पिंजऱ्याकडे गेले नाही. पाठ करून बसले आणि कपाटाच्या काचेत पाहिलं. तो कोपऱ्यात होता, अंग फुगवून, तोंड भिंतीकडे. दात खाल्ल्याचा बारीक करकर आवाज येत होता. वेदनेचा तो आवाज मी आता ओळखत होते. मग पिंजऱ्यात अंथरलेला कागद उचलला. रात्रीच्या लेंड्या सात. एरवी मोजायला कंटाळा यावा इतक्या. सात, आणि मिऱ्याएवढ्या. काट्यावर घातलं तर रविवारच्यापेक्षा सत्तर ग्रॅम कमी.

मी खाली गेले. ते दात घासत होते. मी आकडे सांगितले. त्यांनी चूळ भरली.

"चला."

"डॉक्टर अकराला येतात."

"अकरा वाजेपातूर त्येचं पोट तुमच्यासाठी थांबायचं हाय व्हय? फोन लावा. घरी असत्याल तर घरी जाऊ."

मी कुणाला असं सकाळी सातला उठवलेलं नाही. उठवलं. डॉक्टर आल्या. पोट चाचपलं, एक्स-रे काढला. आतडं कुठे अडलेलं नव्हतं, पण चालत नव्हतं. आत हवा भरली होती. त्यांनी दुखणं थांबवायचं औषध दिलं, आतडं हलवायचं दिलं, आणि म्हणाल्या, "आजी, आता औषधापेक्षा भरवणं महत्त्वाचं. दर दोन तासांनी. रात्रीसुद्धा. निम्मी निम्मी शक्यता आहे, खोटं सांगत नाही."

रिक्षाने परत निघालो. विश्रामबाग चौकात मामा म्हणाले, "भारा मी आनायचा हुता. एसटी न्हाई म्हनून बसून ऱ्हायलो. चूक माझी. वहीत लिवा."

"मी गोळीखुराक वाढवला, तेही लिहिते," मी म्हटलं.

"दोनी लिवा."

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "मिक्सर कुठाय?" शेजारच्या गोठ्यातून मागून आणलेलं मूठभर कोरडं गवत आणि भिजवलेला खुराक, दोन्ही बारीक वाटायला हवं होतं. माझ्याकडे त्या मापाचं एकच भांडं आहे, चटणीचं. ते भांडं मी आयुष्यात कांदा वाटायलाही वापरू दिलेलं नाही. त्यात वैरण गेली. हिरवट लगदा झाला, तो सुई नसलेल्या सिरिंजमध्ये भरला.

मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी परत माझ्याकडे दिली.

"तुमी."

"मी कधी नाही केलं. तुम्ही आयुष्यभर हेच केलंत."

त्यांनी उजवा हात पुढे धरला. तो थरथरत होता. इतके महिने तो हात बहुतेक वेळा खिशात का असतो, हे मी विचारलं नव्हतं. "बैल धरायला अजून चालंल ह्यो," ते म्हणाले. "ह्या एवढ्याशा तोंडाला न्हाई चालायचा. मी सांगतो, तुमी करा."

टॉवेलात गुंडाळलेला फुटाणा माझ्या मांडीवर. "समोरनं न्हाई, बाजूनं. पुढच्या दातांच्या मागं फट हाय, तिथनं. एक थेंब. थांबा. चावू द्या. चावतंय का? न्हाई चावलं तर दुसरा घालू नका, ठसका लागून छातीत जाईल. घशाकडं बगा. गिळलं? आता दुसरा." पहिल्या वेळेला पाच मिलिलिटर जायला पाऊण तास लागला. अर्धं माझ्या साडीवर. मी वेळापत्रक करून फ्रीजवर लावलं : सात, नऊ, अकरा, एक. रात्रीच्या वेळा मी एकटीने निभावल्या. सकाळी सहाला ते दारात असत.

मंगळवारी तुमच्या आईचा फोन आला. तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू पंच्याहत्तर वर्षांची आहेस. झोप नाही, जेवण नाही. लहानसा प्राणी आहे तो. मुलांना मी समजावेन."

ती माझ्या काळजीने बोलत होती. पण समजावणं म्हणजे काय असतं हे मला माहीत होतं. मी ते एकदा केलं होतं. मी म्हटलं, "तू काही समजावू नकोस. एक वाजला, मला भरवायचंय." आणि फोन ठेवला.

मामांनी सगळं ऐकलं होतं. "लेक बरूबर बोलली. जेवाय पायजे," ते म्हणाले. सुनेकडून भाकरी आणि पिठलं आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, भूक नाही. "मला न्हाई इचारायचं भूक हाय का न्हाई. हातात बळ पायजे." मी जेवले. ते समोर बसून मी चावते का ते बघत होते.

मंगळवारी दिवसभर एकही लेंडी नाही. बुधवारी सकाळी वजन तेवढंच, म्हणजे निदान घसरलं नव्हतं. डॉक्टरांनी आठलाच दवाखाना उघडून पुन्हा पाहिलं, पोट जरा मऊ वाटतंय म्हणाल्या, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. घरी आल्यावर मामांनी दोन बोटांनी फुटाण्याचं पोट हलक्या हाताने चोळायला शिकवलं, पुढून मागे, दहा मिनिटं, मग त्याला जमिनीवर चालायला सोडायचं. तो चार पावलं चालला आणि बसला. पुन्हा चोळलं. पुन्हा चार पावलं.

"सोडायचं का?" दहाच्या सुमारास त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

"तुम्ही सोडलं असतंत?"

"मला पगार हुता सोडायचा न्हाई म्हनून. तुमाला इचारतोय."

"नाही," मी म्हटलं.

"मग मी आंघूळ करून येतो," म्हणून ते खाली गेले.

मी नऊचं उरलेलं भरवलं. पोट चोळलं. खाली पांढरी चादर अंथरून त्याला सोडलं आणि त्याच्याकडे पाठ केली. कपाटाच्या काचेत तो चादरीच्या मधोमध उभा होता. मग त्याने पाठ किंचित उचलली आणि तसाच पुढे सरकला. मागे चादरीवर काहीतरी राहिलं.

मी गुडघ्यांवर गेले. चष्मा लावला. बारीक होती, टोकाला वाकडी, पण होती. मी ती तळहातावर घेतली. फोडली. आत गवताचा तंतू होता.

गॅलरीत जाऊन मी ओरडले. खाली सोसायटीचे अध्यक्ष स्कूटर स्टँडला लावत होते, भिशीतल्या दोघी देवळातून येत होत्या. मामा नळापाशी पाय धूत होते. शाळेच्या पटांगणावरसुद्धा मी कधी इतका आवाज चढवला नव्हता.

"पडली!"

सगळ्यांनी वर पाहिलं. मामांनीही पाहिलं, नळ चालूच ठेवून.

"किती?"

"एक!"

"मग वरडताय कशाला?" ते खालून तितक्याच जोरात म्हणाले. "अकरा वाजलं. चारा त्येला!"

मी आत गेले आणि सिरिंज भरली.